पायाआधीचं जेवण

"ताई, मंजुरीचं पत्र हातात पडेपर्यंत त्या जागेवरचा एक दगडसुद्धा हलवायचा नाही," बलदियाच्या, म्हणजे पालिकेच्या, खिडकीमागची बाई तिसऱ्यांदा सांगत होती. "आमचा माणूस येणार, मोकळ्या जागेचा फोटो काढणार, मग फाइल पुढे सरकणार. आणि पहिला हप्ता पाया झाल्यावर. कळलं का?"

वर्दियाने जोरात मान हलवली. खरं तर तिला 'दगड हलवायचा नाही' आणि 'पहिला हप्ता' एवढंच कळलं होतं. पुढचं कानावर पडलं, पण आत शिरलं नाही. आनंदात माणूस असाच अर्धा बहिरा होतो. पायाशी ऑलिव्हच्या तेलाचा पाच लिटरचा डबा होता. ओळख आणि तेल असल्याशिवाय सरकार हलत नाही, असं अख्ख्या गावाने तिला पढवलं होतं. तिने डबा हळूच खिडकीवर ठेवला.

"हे काय?"

"घरचं आहे. यंदाचं."

"उचला. सात लाख दिनारांची फाइल तेलात बुडवता का?" बाई इतक्या मोठ्याने बोलली की रांगेतले सगळे हसले. वर्दियाला तो डबा चार किलोमीटर चढावर परत आणावा लागला. हाताला वळ उठले.

गावात मात्र सात लाखांचे केव्हाच सात कोटी झाले होते. काबिलियाच्या डोंगरात अजूनही कोणी दिनारात बोलत नाही. सगळा हिशेब सांतीमात, म्हणजे शंभर पटीत. त्यामुळे गरिबाची गोष्टही श्रीमंतासारखी ऐकू येते. पाणवठ्यावर बायका म्हणायच्या, "तुझं बाई बरं आहे, सरकार घरी आणून देतंय." नवरा मेल्यावर बारा वर्षं भावाच्या घरी काढलेल्या बाईचं कसलं बरं असतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण फुकटच्या पैशाचं नाव निघालं की माणसाची नजरच बदलते.

वर्दियाची घाई निराळीच होती. भाऊ मुक्रान तिच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा, रागीट आणि जीव लावणारा. त्याच्या मुलाचं, यूबाचं, लग्न ऑगस्टात ठरलं होतं. नव्या सुनेला खोली लागणार, आणि घरात जास्तीची खोली एकच होती. वर्दियाची. तिला कोणी जा म्हणालं नव्हतं. वहिनी चाभा फक्त एकदा स्वयंपाकघरात मोजपट्टी घेऊन उभी राहिली होती आणि म्हणाली होती, "इथे भिंतीलगत एक गादी आरामात मावते." त्या दिवसापासून वर्दियाला धड झोप नव्हती. बापाने तिच्या नावावर ठेवलेल्या तुकड्यावर ग्रामीण घराच्या अनुदानातून दोन खोल्या बांधायच्या, एवढंच तिला हवं होतं. आपलं दार आपण आतून लावायचं.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी मुक्रान संध्याकाळी गावसभेतून परतला तो छाती काढूनच.

"उद्या तिविझी. सभेने ठरवलं. घरटी एक माणूस. पाया खणून टाकू, दगड भरू. सिमेंट मी आणून ठेवलंय."

वर्दियाच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. "दादा, त्या बाईने सांगितलंय, दगड हलवायचा नाही म्हणून."

"ते परक्यांसाठी असतं गं. साहेब येईल, पाया बघेल, खूश होईल. म्हणेल, कामाची माणसं आहेत."

"पलीकडच्या गावातल्या म्हाताऱ्याची फाइल अशीच परत आली. काम आधीच सुरू केलं म्हणून."

"त्याने आपल्या पैशाने केलं होतं. हे गाव करतंय, फुकट. फुकटाला कोण हरकत घेणार?" मुक्रानने हात झटकले. "मी सभेत शब्द टाकलाय वर्दिया. आता तू जेवणाचं बघ."

तिविझीला मजुरी नसते, जेवण असतं. घरधन्याने सगळ्यांना पोटभर वाढायचं, आणि ज्याने तो घास खाल्ला त्याने राबायचं. हा नियम कुठे लिहिलेला नाही, आणि म्हणूनच तो कोणी मोडत नाही. पहाटे चार वाजता वर्दियाने आपल्या रव्याचं पोतं सोडलं, आपल्या दोन कोंबड्या कापल्या आणि कुसकुस वाफेला लावला. चाभा मदतीला होती, पण दोघी बोलत नव्हत्या. वर्दिया मिनिटामिनिटाला दाराशी जायची, खाली रस्त्याकडे बघायची, परत यायची. मीठ घातलं की नाही, हे तिला दोनदा चाखावं लागलं. नाही म्हणावं तर भावाची मान खाली, हो म्हणावं तर फाइल पाण्यात. तिला दोन्हींचा राग येत होता, आणि आपलाही.

आठला माणसं जमली. बावीस जण, कुदळी, फावडी, चुन्याची बादली. सभेचा वडीलधारा अक्लीकाका काठी टेकत सगळ्यात पुढे. यूबाने चुन्याची पहिली रेघ मारायला हात खाली नेला आणि वर्दिया जाऊन त्या तुकड्याच्या मधोमध बसली. सरळ मातीत, पाय पसरून.

"ऊठ," मुक्रान म्हणाला.

"नाही उठत."

"वर्दिया, माणसं बघतायत."

"बघू देत. मी माझ्या जागेवर बसलेय."

कोणीतरी हसलं, मग कोणीच हसलं नाही. अक्लीकाकाने घसा साफ केला. "पोरी, तुझ्या भल्यासाठीच आलोय आम्ही."

"माहीत आहे काका. म्हणून तर लाज वाटतेय मला. पण आज कुदळ पडली तर घर गेलं. माझं घर तुमच्या चांगुलपणाने जाणार का?"

मुक्रानचा चेहरा आधी लाल, मग पांढरा झाला. "यापुढे तुझं तू," एवढं बोलून तो पिकअपमध्ये बसला आणि निघून गेला. बावीस माणसं कुदळी खांद्यावर घेऊन तशीच उभी. वर्दिया उठली, लुगडं झटकावं तसा झगा झटकला आणि म्हणाली, "जेवण तयार आहे. टाकून देऊ का?"

तेव्हा ती माणसं जेवली. खाली बघत, भराभरा. इतकं शांत जेवण त्या गावाने मयताच्या घरीसुद्धा पाहिलं नसेल. जाताना 'बरकत होवो' म्हणायची रीत आहे, ते निम्मेजण पुटपुटले आणि निम्मे विसरले.

मग सुरू झालं वाट पाहणं. मुक्रान तिच्याशी बोलेना. बोलायचंच झालं तर यूबाकडे बघून बोलायचा, "तुझ्या आत्याला सांग, गॅस संपलाय." अंगणात सिमेंटच्या वीस गोण्या पडून होत्या. वर्दिया रोज त्यांच्यावरचं प्लास्टिक सारखं करायची, गोण्या उलटवायची, बोटाने दाबून बघायची. जानेवारीच्या बर्फात सहा गोण्या दगड झाल्या. मुक्रानने त्या बघितल्या आणि एक शब्द बोलला नाही. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

रस्त्यावर गाडी वाजली की ती धावायची. पाववाला असायचा, शाळेची बस असायची. पाणवठ्यावर आता नवीनच ऐकू यायचं, की हिने गुपचूप पैसे उचलले आणि बँकेत ठेवले, म्हणूनच बांधत नाही. "सात कोटींचं व्याज किती येतं गं?" एकीने विचारलंच. "तुझ्या डोक्यात अक्कल आहे तेवढं," वर्दिया म्हणाली आणि कळशी अर्धी भरूनच निघाली. घरी येऊन तिने ती पुन्हा भरायला जायचं धाडस केलं नाही.

मार्चमध्ये साहेब आला. चिखलाने भरलेले बूट, हातात छत्री, सर्दी झालेली. त्याने वर्दियाला मोकळ्या जागेवर उभं केलं, फाइलचा नंबर लिहिलेला कागद तिच्या हातात दिला आणि फोटो काढला. कैद्याचा काढतात तसा. मग बुटाने इथेतिथे माती उकरून बघितली.

"खणलेलं काही नाही ना?"

"एक दगड हलला नाही साहेब," ती म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. साहेबाला कळेना, यात रडण्यासारखं काय आहे.

मे महिन्यात पत्र आलं. वर्दिया ते छातीशी धरून जवळजवळ पळतच खाली उतरली आणि खिडकीपुढे उभी राहिली.

"पत्र आलं. पैसे कधी?"

बाईने पत्र उलटलं, मागच्या बारीक ओळींवर पेन ठेवलं. "पाया झाला, आमच्या माणसाने तपासला, की पहिला हप्ता. मी तेव्हाच सांगितलं होतं."

"पाया कशाने करू? पैसे नाहीत म्हणून तर अर्ज केला!"

"सगळे हेच म्हणतात, ताई. सरकार घर बांधून देत नाही. बांधणाऱ्याला हात देतं." बाई चांगली होती. तिने पाण्याचा ग्लास पुढे केला. "तीन महिन्यांत पाया दिसला नाही तर पत्र रद्द होतं. तेवढं लक्षात ठेवा."

तीन महिने म्हणजे ऑगस्ट. म्हणजे लग्न. म्हणजे भिंतीलगतची गादी. चढावर वर्दिया तीनदा थांबली. दमून नव्हे, रागाने. आधी सरकारचा राग आला, मग भावाचा, शेवटी स्वतःच्या अर्ध्या बहिरेपणाचा. ज्यांना तिने हाकललं होतं तेच बावीस हात आता हवे होते, आणि मागायचं कोणत्या तोंडाने? दोन दिवस ती घरभर येरझाऱ्या घालत राहिली. चाभा म्हणाली, "बस की जरा, मला गरगरतंय."

गुरुवारी संध्याकाळी वर्दिया गावसभेच्या दाराशी जाऊन उभी राहिली. दोन्हीकडे दगडी बाकं, त्यांवर पुरुष. तिथून बायका जात नाहीत, मागच्या वाटेने जातात. बोलणं एकदम थांबलं. मुक्रान कोपऱ्यात बसला होता. त्याने मान फिरवली.

येताना तिने काकुळतीची वाक्यं पाठ केली होती. तिथे उभी राहिल्यावर एकही आठवेना.

"नोव्हेंबरात तुम्ही माझ्याकडे जेवलात," ती म्हणाली. "बावीस जण. दोन कोंबड्या, अख्खं पोतं रवा. काम बाकी आहे."

मग अक्लीकाकाचे खांदे हलायला लागले. म्हातारा हसत होता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"खाल्लंय खरं," तो म्हणाला. "सहा महिने माझ्या घशात अडकलंय. हाकलल्यासारखं जेवलो होतो गं. कुठे ठेवावं कळत नव्हतं." त्याने काठी आपटली. "उद्या. ज्याने खाल्लं तो येईल."

"मी नव्हतो जेवलो," कोपऱ्यातून मुक्रान म्हणाला.

"मग तुझ्यावर बंधन नाही," अक्लीकाका म्हणाला. वर्दिया मागच्या वाटेने घरी आली. बावीस हात मिळाले होते, तरी मुक्रान मागून येतोय का, हे ती वळून वळून बघत होती.

दुसऱ्या दिवशी अजून उजाडत होतं. ती चुलीपाशी वाफवलेला कुसकुस हाताने मोकळा करत होती, तेवढ्यात तुकड्यापाशी गाडी थांबल्याचा आवाज आला. इतक्या लवकर कोण, म्हणून ती ओल्या हातांनीच बाहेर आली. मुक्रानची पिकअप होती. मागे सिमेंटच्या गोण्या. अंगणातल्या चौदा, आणि वर सहा नव्या. त्याने एकेक खाली उतरवली, कुदळ काढली, जमिनीवर टेकवली. मारली मात्र नाही.

"दादा, तुझ्यावर बंधन नाही," ती म्हणाली.

"म्हणून तर आधी आलो," मुक्रान म्हणाला. सहा महिन्यांत पहिल्यांदा तो तिच्याकडे बघून बोलत होता. "त्या दिवशी उपाशी गेलो मी. चल, वाढ."