तीनशे बारा पाकिटं

तीनशे बारा पत्रांच्या घड्या मी या हातांनी घातल्या. पाकिटांत भरली, चिकटवली, टपालात टाकली. वाचलं मात्र एकही नाही. शाळेच्या ऑफिसात बावीस वर्षं घासलेल्या बाईची ही अक्कल.

पत्रात काय होतं ते मे महिन्यात डुफ्रेन सरांकडून कळलं. पास व्हायला लागणारे क्रेडिट कोणत्या मुलाचे किती झाले, हे बघणं त्यांचं काम. "मार्लिसबाई, बसा जरा," म्हणाले. माझ्या लेकीचं, कारिनचं, नागरिकशास्त्राचं अर्धं क्रेडिट कमी होतं. पत्रात तेच होतं: यंदा पास होणाऱ्या मुलांपासून तो विषय सक्तीचा झाला होता, आणि तिने त्या तासाला वेल्डिंग घेतलं होतं.

"उन्हाळी वर्गात करेल की."

"तो ऑगस्टमध्ये संपतो."

कारिनला विजेच्या तारांवर काम करायचं ट्रेनिंग मिळालं होतं. सहा जागा, त्यात ही एकटी मुलगी. दहा जूनला शाळा पास झाल्याचा डिप्लोमा दाखवला नाही तर जागा गेली. इथली खाण बंद झाल्यापासून पोरांना दुसरं आहे तरी काय?

"काहीतरी सूट असेल ना, सर?"

"पत्र पोचलंच नाही, अशा घरांना आहे. पण तुमची पावती..." पुढे बोलायची गरज नव्हती. पावत्यांची फाइल माझ्याच कपाटात असते.

पावती म्हणजे पत्राच्या तळाची चिठ्ठी. पालकांनी वाचून सही करायची आणि परत पाठवायची. मुख्याध्यापकांना सगळ्या चिठ्ठ्या शुक्रवारपर्यंत हव्या होत्या. मी उरलेल्या एका कोऱ्या पत्राची चिठ्ठी फाडली, उभ्या उभ्या सही ठोकली आणि फाइलला लावली. घरी आलेलं पाकीट न फोडताच शेगडीत गेलं. मीच भरलेलं, त्यात काय बघायचं?

सर गेल्यावर मी कपाट उघडून आडनावांप्रमाणे लावलेल्या चिठ्ठ्या चाळल्या. किवेला, कारिन. तिच्या मागेच लाहती, टोबी. मागच्या आठवड्यात टोबीचा बाप इथेच उभा होता, हातात टोपी घेऊन. पत्राचं काही सांगून पोराला सूट द्या म्हणत होता; कशातून, ते मी विचारलंही नाही. मी त्याची चिठ्ठी काढून त्याच्यापुढे धरली आणि विचारलं, "सही करताना डोळे कुठे होते?" तो म्हणाला, "सगळे करतात तशी केली, बाई." मी सरांकडे बघून हसले होते.

आता माझी चिठ्ठी काढली. एवढासा कागद. फाडून पत्र पोचलंच नाही म्हटलं असतं, तर सरांशिवाय कुणाला कळणार होतं? मला रडू येत होतं.

तेवढ्यात कारिन आली. शाळा संपल्याच्या समारंभाचा निळा झगा खांद्यावर टाकलेला, नुकताच मिळालेला. "बघ, लांबी बरोबर आली," म्हणाली. मग माझं तोंड बघितलं.

मी सगळं सांगितलं, टोबीच्या बापाचंही. तिने माझ्या हातातली चिठ्ठी घेतली आणि नीट वाचली. माझ्या घरात ती चिठ्ठी वाचणारी तीच पहिली.

"आई, सही करताना डोळे कुठे होते तुझे?"

तिने झग्याची घडी घातली आणि माझ्या टेबलावर ठेवली. चिठ्ठी मी न फाडता परत फाइलमध्ये लाहतींच्या पुढे लावली.