कडेवरचं ‘हो’

एक प्रश्न, दोन बटणं आणि खाली ‘एका फोनला एकच मत’ ही बारीक अक्षरांतली ओळ. वरवट बकालच्या गावकऱ्यांच्या वेबसाइटवर, त्या पानावर, एवढंच होतं. मित्रांनो, त्या दोनांपैकी उजवीकडचं, हिरवं, ‘हो’ लिहिलेलं बटण म्हणजे मी. आता मी जुना झालो आहे, पण त्या हिवाळ्यातली भीती अजून माझ्या अंगातून गेलेली नाही.

मला मुबीनाने घडवलं. ती नुकतीच बी.एस्सी. होऊन गावी परतली होती. अंगठा मोजून तिने माझी उंची ठरवली, कोपरे गोल केले, लॅपटॉपवर आणि स्वतःच्या फोनवर मला पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं. माझा जोडीदार ‘नाही’ डावीकडे होता, लाल रंगाचा. पडदा लहान झाला तर आपोआप आक्रसायचं, हे तिने आम्हाला शिकवलं. अक्षर मोठं झालं तर काय करायचं, हे शिकवायचं राहून गेलं.

आमच्या वर लिहिलेला प्रश्न असा होता: ‘सगळ्यांनी मिळून डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटायची का?’

पऱ्हाटी म्हणजे कपाशीची झाडं, आणि ती उपटण्यामागे एक अळी होती. बीटी कपाशीला बोंडअळीची धास्ती नाही, असं सगळे धरून चालले होते. पण गुलाबी अळी त्या कपाशीला सरावली. बोंड वरून हिरवंगार दिसायचं आणि आतून पोखरलेलं असायचं. वेचणी झाल्यावरही थोड्या जास्तीच्या कापसासाठी झाडं उभी ठेवतात, त्याला फरदड म्हणतात. फरदड ठेवली की अळीला पुढच्या हंगामापर्यंत खायला मिळतं. एकट्याने उपटून भागत नाही, शेजारच्या वावरातून अळीचे पतंग उडत येतात.

कोकिळाबाईंनी त्या साली आपल्या वावरातली वीस बोंडं फोडली. तेरांत अळी निघाली. पुढच्या साली पुन्हा असंच झालं तर वावर मक्त्याने द्यायचं आणि मुलाकडे पुण्याला जायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. त्यांना जायचं मात्र नव्हतं. म्हणून ‘हो’ दाबा असं सांगत त्या घरोघर फिरल्या.

मतदान सुरू झालं आणि मी घाबरलो. गावात कितीतरी जणांची नजर कमी झालेली. त्यांनी फोनमधलं अक्षर सगळ्यात मोठं करून ठेवलेलं. अक्षर फुगलं, ‘नाही’ फुगलं आणि मी उजव्या कडेवरून बाहेर ढकलला गेलो. मी होतो, पण काचेच्या पलीकडे, अंधारात. पान बोटाने आडवं सरकवलं असतं तर दिसलोही असतो, पण ते कोणाला ठाऊक? अंगठा यायचा, ‘नाही’वर टेकायचा, निघून जायचा. बटणाला ओरडता येत नाही.

‘नाही’ खूप पुढे गेलं तेव्हा कोकिळाबाई मुबीनाच्या ओट्यावर आल्या.

“काऊन वं पोरी, म्या बटन दाबलं, तरी आपलं काही वाढून नाई राह्यलं?”

“कोणतं दाबलं, मावशी?”

“कोणतं म्हंजे? एकच तं हाय. लिवलेलं मले कुठी दिसते?”

मुबीनाने त्यांचा फोन घेतला आणि पान आडवं सरकवलं. मी अर्धा उजेडात आलो. तिचा चेहरा उतरला होता. बोट माझ्यावर टेकलेलं होतं. एका फोनला एकच मत, आणि कोकिळाबाईंचं मत ‘नाही’त पडून गेलं होतं. मतदान रद्द करावं तर गाव तिला लबाड म्हणणार. न करावं तर पऱ्हाटी उभीच राहणार.

तिने रद्द करायचं ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीसमोर माणसं जमली. फरदडीची बाजू मोठ्या आवाजात मांडणारे पंजाबराव पुढे झाले.

“हरून राह्यली म्हून डाव मोडतं काय वं?”

“काका, तुमच्याच फोनात पान उघडा. अन् ‘हो’ कुठी हाय ते दाखवा फक्त.”

पंजाबरावांनी चष्मा पुसला. फोन जवळ धरला, लांब धरला. “आं? कुठी गेलं ते?”

“पंजाबराव, खिशात पाहा!” मागून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. मुबीना हसली नाही.

“मलेच ‘हो’ पाह्यजे होतं, काका. उजव्या अंगठ्याले जवळ पडावं म्हून म्या त्याले कडेला ठेवलं. थेच कडेवरून पडलं.”

माणसं पुढे सरकली. आता हे मला पुसून टाकायला लावतील, असं मला वाटलं. एवढा मी कधीच घाबरलो नव्हतो.

“लबाडी कराले गेली, थेही जमलं नाई तुले!” पंजाबराव म्हणाले. “कर दुरुस्त. पन मंग हरली तं रडाचं नाई.”

मुबीनाने आम्हा दोघांना एकाखाली एक बसवलं. रुंदी सारखी, रंग एकच. वर कोण, हे फोनागणिक बदलू लागलं. मग तिने आम्हाला तडकलेल्या काचांवर, सगळ्यात मोठ्या अक्षरांत, कापूस वेचून खरचटलेल्या अंगठ्यांखाली तपासलं.

पुन्हा मतदान झालं. प्रत्येक अंगठा खाली येताना माझा जीव टांगणीला लागायचा. कोणाचा अंगठा कुठे टेकला हे मी सांगणार नाही, पंजाबरावांचाही नाही. ‘हो’ थोडक्यात जिंकलं. डिसेंबर सरता सरता बांधाबांधावर उपटलेल्या पऱ्हाटीचे ढीग लागले.

मित्रांनो, आता ते पान कोणी उघडत नाही. पण उद्या तुम्ही लोकांसाठी काही बनवाल. तेव्हा ते आधी कमी दिसणाऱ्या माणसाच्या हातात द्या, आणि आपल्या आवडीचं उत्तर त्याच्या अंगठ्याखाली सरकवू नका. काचेपलीकडचा अंधार मी पाहिला आहे.

पुढच्या हंगामात, आदल्या सालच्याच महिन्यात, कोकिळाबाईंनी त्याच वावरातली वीस बोंडं फोडली. चारांत अळी निघाली.