कारभारीची कासवं

पाहुणे येणार म्हटलं की घरातल्या काही गोष्टी नजरेआड करायच्या असतात. कान तुटलेली कपबशी मागं सरकते, फाटकी सतरंजी घडी होऊन माळ्यावर जाते. हर्सूलच्या नानासाहेबांच्या घरात त्या दिवशी एक माणूस लपवायचा होता. त्यांचा सख्खा धाकटा भाऊ, कारभारी.

नानासाहेबांचं शहरातल्या गुलमंडी बाजारात कापडाचं दुकान होतं, हर्सूलला बागायत होती. गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं. मुलगी चतुरा लग्नाची झाली होती आणि तिला बघायला वैजापूरकडचे तात्यासाहेब मुलाला घेऊन येणार होते. स्थळ मनासारखं होतं. पण घरात वेडं आहे हे कळल्यावर कोण सोयरिक करील, या विचारानं नानासाहेबांचं अन्नावरचं मन उडालं होतं.

कारभारी वेडा नव्हता. बासष्टच्या लढाईत तो चीनच्या सरहद्दीवर होता. तिथून परतला तो पायाची चार बोटं बर्फात गमावून. पलटणीनं त्याला घरी पाठवलं. त्याच्या पलटणीतला सांडू नावाचा जोडीदार मात्र परत आला नाही. सांडूचं काय झालं, हे कारभारीनं कधी कुणाला सांगितलं नाही. बायकोला, सरूबाईलाही नाही.

पण सांडू त्याच्याबरोबर घरी आला होता, असंच म्हणायचं. हर्सूलच्या तुरुंगात तासाचे टोल पडले की कारभारी ताडकन उठायचा, दाराकडं बघायचा आणि म्हणायचा, "सांडू आला." भांडं पडलं तरी तो बाजेखाली शिरायचा. कहर म्हणजे सगळे निजल्यावर उठून तो एकेकाचे पाय चाचपायचा. बायकोचे, पुतणीचे, म्हाताऱ्या आईचेसुद्धा. पाय ऊबदार लागले की पुढं सरकायचा. एकदा चतुरा दचकून जागी झाली आणि अशी किंचाळली की शेजारपाजार गोळा झाला. त्या दिवसापासून गावानं ठरवून टाकलं, याला भूत लागलंय. नानासाहेबांनी देवऋषी आणला. मिरच्यांची धुरी झाली, लिंबाच्या फोकांनी पाठ सोलून निघाली. सांडू काही गेला नाही.

मग एका हिवाळ्यात, सकाळच्या गारठ्यात कारभारी तळ्याकडं गेला होता. मासे धरणाऱ्यांनी जाळ्यात अडकलेलं एक कासव काठावर टाकून दिलं होतं. त्यानं ते उचललं. दगडासारखं थंड, हालचाल नाही. ते उपरण्यात गुंडाळून तो घरी आला, अंगणात बसला आणि हातांनी चोळू लागला. सरूबाईला वाटलं, मेलेलं जनावर घेऊन बसलाय. तिनं ते टाकून द्या म्हणून विनवलं. कारभारीनं ऐकलं नाही. ऊन वर आलं, अंगणभर पसरलं. बऱ्याच वेळानं कासवानं एक पाय बाहेर काढला. मग दुसरा. मग मान लांब करून ते कारभारीकडं बघत राहिलं.

"सरू," तो म्हणाला, "गरम झालं गं हे." आणि लढाईवरून आल्यापासून पहिल्यांदा तो रडला.

त्यानं गोठ्यातला जुना हौद घासून घेतला, त्यात दगड मांडला, पाणी भरलं. पुढं आणखी एक कासव आणलं. रोज सकाळी त्यांना उन्हात ठेवायचं, पालक खुडून घालायचा, मातीतली गांडुळं शोधून द्यायची. कासवाला भीती वाटली की ते कवचात जायचं. कारभारी वाट बघत बसायचा, ओढून काढायचा नाही. कासव आवाज करत नव्हतं आणि कसला प्रश्नही विचारत नव्हतं. हळूहळू कारभारी सलग झोपू लागला. लोकांचे पाय चाचपणं थांबलं. कधी कधी तो जेवताना सरूबाईशी चार शब्द बोलायचा.

नानासाहेबांना मात्र यात नवीनच नामुष्की दिसली. आधीच भाऊ असा, त्यात तो कासवांशी खेळतो!

पाहुणे यायच्या दिवशी सकाळीच त्यांनी गड्याकरवी दोन्ही कासवं तळ्यात सोडून दिली आणि भावाला कडब्याच्या खोलीत बसवून बाहेरून कुलूप घातलं. शेजारच्या जैतुनबी चतुराला साडी नेसवायला आल्या होत्या. दोन्ही घरांचा तीन पिढ्यांचा शेजार. त्यांनी ते कुलूप पाहिलं आणि ओसरीवर येऊन नानासाहेबांना अडवलं.

"नाना, कारभारीचा पाय तुटला असता तर तुमी काय केलं असतं? पाहुण्यांच्या समोर बाजेवर बसवलं असतं. लढाईत पाय गेला म्हणून छाती फुगवून सांगितलं असतं. त्याच्या दिलाला जखम झालीय, ती दिसत नाय. म्हणून कडब्यात कोंडायचं?"

"पोरीच्या जन्माचा सवाल हाये, भाभी."

 जैतुनबींनी मग आपल्या नवऱ्याचं सांगितलं. तो निजामाच्या फौजेत होता. पोलीस ॲक्शननंतर घरी आला आणि भिंतीकडं तोंड करून बसला. घरच्यांनी त्याला ताट सरकवलं, पाणी सरकवलं. पण त्याच्याजवळ जाऊन कुणी बसलं नाही. लोक काय म्हणतील, या धाकात सगळे होते.

"भिंतीकडंच बघत गेला, नाना. तुमच्या भावाला निदान कासव तरी सापडलं होतं. ते बी तुमी फेकून दिलं."

 तरी कुलूप निघालं नाही.

पाहुणे आले. पोहे झाले, चतुरा चहा घेऊन आली, मान खाली घालून बसली. इतक्यात तुरुंगाचे टोल पडू लागले. पाठोपाठ कडब्याच्या खोलीतून दार बडवल्याचा आवाज आला, आणि एक हाक. ती ऐकून ओसरीवरच्या माणसांच्या अंगावर काटा आला.

"सांडू! झोपू नको रे! पाय दे इकडं!"

तात्यासाहेबांनी कप खाली ठेवला. कोण ओरडतंय म्हणून विचारलं. गडी आहे, तापानं बरळतोय, असं नानासाहेबांनी सांगितलं.

चतुरानं मान वर केली. "गडी नाय," ती म्हणाली. "माझे काका हायेत."

पाहुण्यांनी चहा संपवला आणि कळवतो म्हणून उठले. नानासाहेब संतापानं किल्ली घेऊन गेले. भावाला आज दोन थोबाडीत द्यायच्या, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. त्यांनी दार उघडलं.

कारभारी उघड्या अंगानं भुईवर बसला होता. सदरा काढून त्यानं कडब्याच्या एका पेंढीभोवती गुंडाळला होता. ती पेंढी छातीशी धरून तो चोळत होता. कडब्याच्या धारेनं तळहात चिरले होते, सदऱ्यावर रक्त उतरलं होतं. त्यानं वर पाहिलं.

"दादा, कवाधरनं चोळतोय. गरमच होईना."

नानासाहेबांचा उचललेला हात तसाच राहिला. मग ते भावाशेजारी कडब्यात बसले. त्यांनी ती पेंढी हळूच काढून घेतली, भावाचे हात आपल्या हातांत धरले. हात बर्फासारखे गार होते. नानासाहेब ते चोळत बसले. दारात उभ्या सरूबाईनं तोंडाला पदर लावला.

दुपारी दोघं भाऊ तळ्यावर गेले. गड्यानं जागा दाखवली. नानासाहेबांनी धोतर खोचलं आणि गुडघाभर पाण्यात उतरून ते गाळ चाचपू लागले. काठावरचे लोक तोंडात बोट घालून बघत होते. कासवं काही सापडली नाहीत. थकून ते दगडावर टेकले, तेव्हा कारभारी आपणहून बोलायला लागला. माघारीचा हुकूम, कमरेएवढा बर्फ, सांडूचे फाटलेले बूट. सांडू खाली बसला, तेव्हा यानं त्याचे पाय छातीशी धरून चोळले होते. मागून गोळ्या येत होत्या. हवालदारानं याला ओढून नेलं. सांडू जिवंत होता, हाका मारत होता.

"म्या थांबलो नाय, दादा," तो म्हणाला.

नानासाहेबांनी त्याला समजावलं नाही, की गप्प केलं नाही. ऊन कलेपर्यंत ते त्याच्याजवळ बसून राहिले.

काही दिवसांनी मासे धरणाऱ्यांकडून नानासाहेब स्वतः एक कासव घेऊन आले. कारभारीनं ते उलटसुलट करून पाहिलं. "हे ते नव्हं," तो म्हणाला. नानासाहेबांचा चेहरा पडला. कारभारीनं कासवाच्या पाठीवर तळहात ठेवला. "पण गार हाये. उन्हात ठिवू."

तात्यासाहेबांचा नकार आला. चतुराचं लग्न पुढच्या वर्षी जालन्याला जमलं. त्या पाहुण्यांशी नानासाहेबांनी सगळ्यात आधी भावाची ओळख करून दिली, हौदही दाखवला. कारभारी पूर्ण बरा झाला असं सांगता येणार नाही. सांडू अधूनमधून येत राहिला. पण तो आला की आता घरातलं कुणीतरी उठून कारभारीजवळ बसायचं.

तेव्हाच्या गोष्टी वेगळ्या. आज तळ्यातलं कासव घरी आणायला कायद्याची मनाई आहे आणि ती रास्त आहे. पण कारभारी मात्र आजही घरोघरी आहेत. लढाई थांबल्याची बातमी छापून येते, आणि कुणाच्या तरी उरात ती पुढं वर्षानुवर्षं चालू राहते. अशा माणसाला वेडा म्हणू नका, त्याला धुरी देऊ नका, त्याला कोंडू नका. डॉक्टरकडं न्या. आणि एखाद्या मुक्या जिवाच्या आधारानं तो सावरत असेल, तर हसू नका. त्या जिवाला आणि त्याला, दोघांनाही उन्हात बसायला जागा द्या. आपण ज्याला लपवतो, त्यानंच आपल्यासाठी थंडी सोसलेली असते!