बकुळेची बदली

"काका, तुम्ही पुढची चाकं धरा, मी मागून उचलतो," शिवा म्हणाला. "आणि बकुळे, तू श्वास सोडून बस. तेवढंच वजन कमी."

"तू सकाळी चार वडे कमी खाल्ले असतेस तर लाँच एवढी कलली नसती," बकुळा म्हणाली.

धक्क्यावर उभी असलेली चाळीतली पोरं हसली. लाँच आणि धक्का यांच्यात हातभर पाणी होतं. त्यावर एक फळी टाकली होती आणि ती ओली होती. मी उलटा चालत होतो. माझं लक्ष बकुळेच्या तोंडाकडे होतं. घाबरली की ती थट्टा करते हे मला ठाऊक होतं. खुर्ची लाँचमध्ये टेकली तेव्हा तिने मांडीवरची ओढणी सोडली. ओढणीला घामेजल्या मुठीचा चुरगळा पडला होता.

खाडीपलीकडे पाळण्यांचं नवीन पार्क झालं होतं. आमच्या लालबागच्या चाळीतल्या गणेश मंडळाने त्या माघात तिथे सहल काढली. यादीत बकुळेचं नाव मंडळातल्या शिवानेच घातलं. घरी माझी बायको दुर्गा दोन दिवस मालवणीत बडबडत होती, पोरीला एवढ्या लांब कशाला न्यायचं म्हणून. "चेडवाक घेवन खंय जातास? थंय काय झाला तर कोणाक हाक मारतलास?" निघताना मात्र तिने घावण्यांचा डबा बांधून दिला आणि खुर्चीच्या मागे पाण्याची बाटली अडकवली.

बकुळा एकोणीस वर्षांची होती. नवव्या वर्षापर्यंत ती चाळीचे तीन जिने धावत चढायची. मग जिन्यात पडायला लागली. मग जमिनीवरून उठताना स्वतःच्याच गुडघ्यांवर हात रोवून उठायला लागली. डॉक्टरांनी स्नायूंचा आजार आहे म्हणून सांगितलं. पाय गेले, आता हातांकडे लागलं होतं. परळच्या एका ट्रस्टकडून खुर्ची मिळाली होती. तिच्या पुढच्या चाकांना मी दर रविवारी तेल द्यायचो. तेवढं मला येत होतं.

मी गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापडाच्या मागांवर होतो, पण बदली. बदली म्हणजे रोज सकाळी सातच्या पाळीआधी गेटवर उभं राहायचं. कोणी आजारी, कोणी गावाला गेलेला, त्याच्या साच्यावर त्या दिवसापुरतं आपण उभं राहायचं. कोणीच गैरहजर नसेल तर घरी यायचं. अकरा वर्षं मी असा दुसऱ्यांच्या साच्यांवर उभा राहिलो. माझा म्हणावा असा साचा मला मिळाला नाही. मग ब्याऐंशीचा संप आला आणि गिरणी बंद पडली ती पडलीच. पुढे दादरला एका इमारतीत लिफ्टवर लागलो. तिथेही सुरुवातीला बदलीच होतो. आधीचा लिफ्टमन गावाहून परतला नाही म्हणून राहिलो.

बकुळा लहान असताना मी घरी हे सगळं सांगायचो. त्यामुळे गिरणीचे शब्द तिच्या तोंडात बसले होते. भाजी आणायला शेजारची मुलगी गेली तर ती म्हणायची, "आज आईची बदली लक्ष्मीने भरली."

अक्षरंही मला तिनेच शिकवली. शाळेचा जिना तिला चढवेना, तेव्हा ती घरी बसली. दिवसभर करायचं काय? मग एक दिवस मला म्हणाली, "बाबा, बसा. आज ग गणपतीचा." मी चाळीस ओलांडलेला होतो. दोन वर्षांत मी जोडाक्षरांपर्यंत आलो. तिचा नियम असा, की बाहेर पडलं की दिसेल ती पाटी मोठ्याने वाचायची. चुकलो की ती खुर्चीच्या दांड्यावर बोटाने टकटक करायची.

पार्कात पाट्या पुष्कळ होत्या. मी वाचत चाललो. "फुले तोडू नयेत. पिण्याचे पाणी. महिलांसाठी." पोरं पुढे पळाली होती. शिवा म्हणाला होता, हाक मारा, येतो. वाट सिमेंटची होती, खुर्ची छान चालत होती. गोल फिरणाऱ्या कपबश्या बकुळेने पाहिल्या, पाण्यात आपटणारी होडी पाहिली. कुठे थांब म्हणाली नाही.

"तुला बसायचंय कशात?" मी विचारलं.

"त्यात," ती म्हणाली. झाडांच्या वर आकाशपाळणा दिसत होता. "एकदा वरून बघायचंय. मी कायम सगळ्यांच्या कमरेकडे बघत असते, बाबा. दहा वर्षं झाली."

पाळण्याजवळ रांग नव्हती. तिथे एक मोठी पाटी होती. बकुळेने बोट केलं तशी मी वाचायला लागलो. मोठी वाक्यं आली की मला जोर चढायचा. "हृदयविकार असलेल्या व्यक्ती," मी म्हणालो. हृदय हा शब्द मला पहिल्या झटक्यात आला म्हणून मी तिच्याकडे बघून हसलोसुद्धा. "गरोदर स्त्रिया. आणि. अ. पं. ग."

अक्षरं आधी येतात आणि अर्थ मागून येतो, हे नवीन वाचणाऱ्याचं असंच असतं. शब्द तोंडातून गेल्यावर मला कळला.

"यांनी या पाळण्यात बसू नये," बकुळेने उरलेलं वाचलं. "बरोबर वाचलंत."

पाळणा चालवणारा मुलगा स्वभावाने चांगला होता. मी त्याला म्हटलं, "मी तिला मांडीवर धरून बसतो. उचलून ठेवायचं कामही माझं. तू फक्त दांडा लाव."

"काका, मला कळतं. पण वर थांबला पाळणा आणि ताई सरकल्या तर? माझ्या गळ्याशी येईल." त्याने वरच्या साहेबांनाही विचारलं. साहेब आले, बकुळेशी बोलले, हात जोडून नाही म्हणाले. माझा आवाज चढायला लागला. लिफ्टमध्ये दिवसभर साहेब लोकांना वर नेतो मी, माझ्या पोरीला एकदा वर न्यायला कोणाच्या बापाचं काय जातं, असं काहीतरी बोललो.

बकुळेने दांड्यावर टकटक केलं.

"बाबा, त्यांना नका बोलू. तुम्ही माझी बदली भरा."

"काय?"

"मी आज गैरहजर. तुम्ही माझ्या जागेवर उभे राहा. पाळी संपली की काय काम झालं ते मला सांगा. काय काय दिसलं, सगळं."

तो मुलगा आमच्या तोंडाकडे बघत राहिला. मी तिची खुर्ची सावलीत लावली, चाकांना दगड लावले, आणि पाळण्यात एकटाच बसलो.

आता खरं सांगायचं तर मला उंचीची भीती वाटते. चाळीच्या गॅलरीतसुद्धा मी कठड्यापासून लांब उभा राहतो. लिफ्टचं वेगळं, तिला भिंती असतात. पाळणा हलला, पायाखालची जमीन मागे गेली आणि मी डोळे मिटले. वर पाळणा थांबला. वाऱ्याने डुलायला लागला. उघडावेत असं दहा वेळा मनात आलं. पोरीचं काम आहे, उघड, असं मी स्वतःला म्हणालो. पापण्या जड झाल्यासारख्या मिटलेल्याच राहिल्या. किती फेऱ्या झाल्या ते मोजायचं भान नव्हतं. मुलाने दांडा काढला तेव्हा मी डोळे उघडले आणि पहिल्यांदा माझ्याच चपला पाहिल्या.

बकुळा मान उंच करून बसली होती. "सांगा."

"समुद्र," मी म्हणालो. "लांबपर्यंत. होड्या."

"आणि?"

"आपली मुंबई सगळी. लालबागपण दिसतं. आपल्या गिरणीची चिमणी दिसली."

"धूर येत होता?"

"येत होता," मी म्हणालो. शब्द नुसता तोंडातून गेला. आमच्या गिरणीच्या चिमणीतून संपानंतर नऊ वर्षांत धूर निघाला नव्हता.

बकुळेने माझ्याकडे क्षणभर पाहिलं. मग म्हणाली, "मग बरं झालं. आपण घावणे खाऊया."

घरी येईपर्यंत ती शिवाशी थट्टा करत होती. माझ्या वाटचे घावणे मी तसेच डब्यात परत आणले. आयुष्यात मी दुसऱ्याच्या साच्यावर एक तारही तुटू दिली नव्हती. ज्याची बदली भरायचो तो माणूस परत आला की कापड बघून मान हलवायचा. आणि आपल्या पोरीच्या जागेवर बसून मी हे करून आलो होतो.

पंधरा दिवसांनी, एका बुधवारी, मी लिफ्टवर त्याच इमारतीतल्या रामूला उभं केलं. माझी बदली दुसऱ्या कोणी भरण्याची ती पहिलीच वेळ. घरी न सांगता एकटा खाडीपलीकडे गेलो. मुलाने ओळखलं. "ताई कुठे?" त्याने विचारलं. "कामाला आलोय," मी म्हणालो. त्याला ते कळलं नसावं.

या वेळी मी दांडा दोन्ही हातांनी धरला आणि डोळे उघडे ठेवले. डोळ्यांतून पाणी येत होतं, वाऱ्यामुळे म्हणा, भीतीमुळे म्हणा. पण मी डावीकडून सुरुवात केली आणि उजवीकडे गेलो, साच्यावर कापड तपासतात तसं. खाडी होती. तिवरांची झाडं होती. मिठागरं होती, त्यांत पांढरे ढीग. वाळत घातलेली जाळी होती आणि त्यांवर एक कुत्रा झोपला होता. मुंबईच्या बाजूला धुरकट होतं. लालबाग कुठल्या अंगाला असेल तेही कळेना.

घरी आलो तेव्हा बकुळेजवळ काशीबाई बसल्या होत्या, पलीकडच्या खोलीतल्या. त्यांचे यजमान आमच्याच खात्यात कायम होते. संप चालू असतानाच गेले. त्यांचा गेटपास काशीबाईंनी अजून ट्रंकेत ठेवला होता.

"अरे उत्तम," त्या मला म्हणाल्या, "ही सांगता, वरून आपली चिमणी दिसली म्हणून. धूर येत होतो?"

मी ठरवून आलो होतो, आज खरं सांगायचं. बकुळा माझ्याकडे बघत होती. काशीबाईपण बघत होत्या.

"होता," मी म्हणालो. "बारीक. पण होता."

काशीबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि चुलीवर काहीतरी आहे म्हणून उठून गेल्या.

मग मी बकुळेसमोर बसलो. "वर गेलं की आधी खाडी लागते," मी म्हणालो. "मग तिवरं. मग मिठागरं. मिठाचे ढीग असे..."

"मिठागरं तेव्हा नव्हती."

"विसरलो होतो."

"आज लिफ्टवर कोण होतं?"

"रामू."

"म्हणजे तुम्ही डबल पाळी केलीत."

मी मान हलवली.

"पहिल्या पाळीला तुमचे डोळे मिटलेले होते," ती म्हणाली. "दर फेरीला खालून जायचात ना, तेव्हा दिसायचे. मी हात करत होते."

तिचा हात तेव्हा खांद्यापर्यंतसुद्धा वर जात नसे. तो तिने कसा केला असेल ते मी अजून डोळ्यांपुढे आणू शकत नाही.

"मग बोलली का नाहीस?"

"बदलीवाल्याला कोण बोलतं? पाळी बुडली नाही ना, झालं." ती हसली. "धूर राहू दे. काशीकाकीला बरा वाटतो. आता नीट सांगा. घाई करू नका."

मी सांगितलं. जाळ्यांवरच्या कुत्र्याचं तिने दोनदा सांगायला लावलं. त्यानंतर पावसाळाभर, हाताने वाटी धरवेना तेव्हा आणि बोलताना दम लागायला लागला तेव्हाही, संध्याकाळी कामावरून आलो की ती म्हणायची, "बाबा, वर जाऊया." दुर्गा भाकऱ्या थापता थापता ऐकायची. तिलाही ते पाठ झालं होतं. मी काही सोडलं की आतून म्हणायची, "आणि तिवरां?"

आश्विनात बकुळेला इस्पितळात न्यावं लागलं. दुपारी चार वाजता भेटायला सोडत. तिसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते. दुर्गा पायाशी बसून तिची बोटं चोळत होती. मी खाटेजवळ स्टूल ओढलं आणि खाडीपासून सुरुवात केली. मिठागरांपर्यंत आलो तेव्हा सिस्टर आल्या. त्यांनी बकुळेचं मनगट धरलं, बराच वेळ धरून ठेवलं, आणि मग माझ्याकडे पाहिलं. त्या काही बोलणार होत्या. मी हाताने त्यांना थांबायला सांगितलं आणि पुढचं सांगू लागलो.