कळसाखालची अँटेना

बिबट्याला कळस कळत नाही, हे मी दादाभाऊंना तोंडावर सांगितलं होतं. पुरेसं ओरडून सांगितलं नाही, हेच मला आज खातं.

निरगुडसरच्या रस्त्याला माझं मोटारी आणि रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. उसातले बिबटे वाढले तसे आमच्या गावानं वॉकीटॉकीचे सेट आणले. मोठा सेट टेकडीवर, भैरवनाथाच्या देवळाशेजारच्या खोलीत. तिथं दोघं जण पाळीनं बसायचे. शिवारातून कोणी बोललं की माणसं आणि जीप पाठवायची. अँटेनाचं काम माझ्याकडं आलं.

मी म्हणाले, अँटेना देवळाच्या वर दहा फूट बांबूला बांधू, चारी बाजूंना लांबपर्यंत ऐकू येईल. दादाभाऊ देवस्थानचे अध्यक्ष. ते म्हणाले, "कळसाच्या वर काय न्हाई जायचं, वैजू. रीत हाये."

यात्रेला लायटिंगचा बांबू कळसाच्या वर जातो, तेव्हा ही रीत कुठं जाते देव जाणे. शेवटी अँटेना पूर्वेच्या भिंतीला, कळसाच्या खाली ठोकली. पूर्वेला आवाज खणखणीत. पश्चिमेला मात्र देवळाचा दगडी गाभारा आडवा, तिकडचा आवाज तिथंच मरायचा. मी कागदावर लिहून दिलं. दादाभाऊ म्हणाले, "तिकडं कोण ऱ्हातंय?"

तिकडं लंकाबाई आणि तिचा नवरा राघू राहत होते. त्यांच्या मेंढ्या आज याच्या रानात बसायच्या, उद्या त्याच्या. त्या लेंडीखतावर सगळ्या गावाचा कांदा पोसतो, पण घरं मोजताना त्यांचा मेंढरांचा वाडा कोणी मोजत नाही. सेट मात्र त्यांनाही दिला, फोटो काढून.

पौषात दिवस मावळताना बिबट्यानं राघूची मांडी धरली. लंकाबाईनं काठीनं त्याला हुसकावलं आणि सेटचं बटन दाबलं. एकदा नाही, अकरा वेळा. टेकडीवरचे दोघं मोठ्या सेटशेजारी चहा पीत बसले होते, आणि सेट गप्प होता. शेवटी ती राघूला रक्तात टाकून सडकेकडं पळाली आणि एका वाटसराच्या हाती गावात निरोप धाडला. जीप पोचली तेव्हा तो गेला होता. अर्धा तास आधी आणला असता तर वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले.

तेराव्यानंतर देवळात बैठक झाली. दादाभाऊ म्हणाले, "आपुन नाथाला कौल लावू. उजवं फूल पडलं, तर अँटेना वर नेऊ."

माझं डोकंच फिरलं. माणूस मेला तरी यांना फूल पडायला हवं होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात दाराशी बसलेली लंकाबाई उठली.

"कौल कशाला? त्या दिवशी मी नाथालाच हाक मारली व्हती. मधी त्याचंच देऊळ आलं."

मी शिडी आणली आणि वर चढले. मला अडवायची कोणाची छाती झाली नाही. बांबू कळसाच्या वर दहा फूट गेला.

आवाज तपासायला लंकाबाई तिचा सेट घेऊन पश्चिमेच्या रानात गेली. तिला पोचायला अर्धा तास लागला, तोवर आम्ही सगळे सेटच्या खोलीत जमलो. मोठा सेट मी मुद्दाम दादाभाऊंच्या पुढं ठेवला. त्यांनी माईक हातात घेऊन बटन दाबलं.

"लंकाबाई, आवाज येतूया का?"

"येतूया," ती म्हणाली. शेजारी उभी असल्यासारखा स्वच्छ आवाज होता. "हे पडले तितंच उभी हाय मी."

मग सेटमधून नुसता वारा ऐकू येत राहिला. दादाभाऊंनी माईक माझ्यापुढं धरला.

"तू बोल तिच्यासंगं."

मला त्यांची दया आली नाही. मी हात मागं घेतला.

"बटन दाबा," मी म्हणाले, "आणि तुम्हीच बोला."