शेजारच्या सीटवरचा ब्रेक

तिने रेस दिली, आणि बॉनेटखाली वाकलेल्या वायरमनने मीटरच्या दोन्ही पिना बॅटरीला टेकवल्या. आकडा चौदाच्या जरासा वर चढला आणि तिथेच थांबला.

“बघा वहिनी, चार्जिंग ठणठणीत. डॉक्टर दिसला की खोकला पळतो, तसली तऱ्हा आहे हिची.”

“मग परवा चढावर बंद पडली ती?”

“खोटं कुठे म्हणतोय मी? पण बिघाड स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी पाना लावत नाही.”

शेडच्या दाराशी बाकावर बसलेल्या तिच्या नवऱ्याने आवाजाच्या रोखाने मान वळवली. जेवढी वळवायला हवी होती, त्याहून थोडी कमी. हयातभर बसचे स्टिअरिंग धरलेले त्याचे हात गुडघ्यांवर पालथे पडले होते. त्याची नजर कडांकडून विझत आली होती. मोठ्या शहरातले डॉक्टर पूर्वी पुष्कळ बोलत. आता ते फक्त ‘येत राहा’ म्हणत. त्या येण्याजाण्यासाठीच ती उतारवयात गाडी शिकली होती. उद्या पुन्हा जायचे होते, आणि वाटेत डॅशबोर्डवरचा तो बॅटरीचा तांबडा दिवा पुन्हा लागणार होता. नवी बॅटरी घातली, चार्जिंग करणारा अल्टरनेटर खोलून झाला, पट्टा बदलला. दिवा मात्र मनाला येईल तेव्हा लागे आणि विझे.

“दिवा लागतो तेव्हा हेडलाइट चालू असतात? वायपर?”

“काही नसतं. एकटी बाजारात जाते तेव्हा तर लागतच नाही.” ती थांबली. “हे बरोबर असले की लागतो.”

“म्हणजे पनवती मीच, असं सरळ म्हण ना,” बाकावरून नवरा म्हणाला.

वायरमन हसला, पण त्याने मीटरला लांब वायरी जोडल्या, त्या खिडकीतून आत घेतल्या आणि स्वतः मागच्या सीटवर जाऊन बसला.

“या उस्ताद, बसा पुढे. वहिनी, नेहमीसारखी चालवा.”

सरळ रस्त्यावर काहीच घडले नाही. दुपारच्या उन्हात दुकानांची अर्धी शटरे खाली ओढलेली होती. पाण्याच्या टाकीचे वळण आले, आणि तिचा पाय ब्रेकवर जाण्याच्या किंचित आधी दिवा लागला. मीटरचा आकडा बाराच्या घरात घसरला. वळण संपताच दिवा विझला. पुढे गतिरोधकापाशी पुन्हा तेच.

वायरमन आता दिव्याकडे पाहत नव्हता. दोन सीटांच्या मधून वाकून तो खाली पाहत होता.

“गाडी बाजूला घ्या.”

त्याने नवऱ्याचे पाय हलकेच सरकवले आणि मॅट उचलली. खालच्या गालिच्यात टाचेएवढा खळगा पडला होता. त्यातून गेलेल्या वायरीचे आवरण झिजून तांबे उघडे पडले होते.

“अल्टरनेटरकडून दिव्याला जाणारी वायर. दाबली की पत्र्याला टेकते. दिवा लागतो, चार्जिंग बंद. काखेत कळसा अन्...” तो बोलता बोलता थांबला. “उस्ताद, तुम्ही ब्रेक मारताय.”

“मी? कुठला ब्रेक?”

नवरा वाकला आणि चाचपडत त्याने तो खळगा शोधला. बोट त्याच्या कडेवरून सावकाश फिरले. अनोळखी चेहऱ्यावरून फिरावे तसे.

“बरोबर वेळेला मारत होतो का?” त्याने विचारले.

“वहिनींच्या आधी,” वायरमन म्हणाला. मग घाईघाईने त्याने वायरीवर टेप गुंडाळला, ती कडेच्या पट्टीखाली सारली आणि मॅट नीट अंथरली. “झालं. आता कितीही दाबा, काही होणार नाही.”

वायरमनला शेडपाशी सोडून ती दोघे घराकडे निघाली. नवऱ्याने दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतले होते, घोट्याशी एकमेकांत अडकवून. परक्या घरी पाहुणा बसतो तसे. ती मधूनमधून तिकडे पाहत होती.

पाण्याच्या टाकीचे वळण जवळ आले. तिने ब्रेक दाबला नाही. अजून थोडे, अजून थोडे, असे करत ती त्याच्या पायाची वाट पाहत राहिली. गाडी नेहमीपेक्षा वेगात वळली आणि नवऱ्याचा खांदा दारावर आदळला. त्याने दारावरची मूठ धरली. पाय जागचे हलले नाहीत.

“लागला का गं दिवा?”

“नाही.”

“मग झालं,” तो म्हणाला, आणि बाहेर काही पाहायचे असावे तसे त्याने तोंड खिडकीकडे वळवले.