छतावर न चढता

“ताई, झालं का नाई तुमचं?” हेमराजनं दारातूनच विचारलं. “त्या सॉफ्टवेअरवाल्याचा परत फोन येऊन राहिला. क्या बोलू उसको?”

“पाहून राहिली म्हना,” वसुंधरा मान वर न करता म्हणाली.

“दिवाळीच्या पहलेपासून पाहूनच राहिल्या तुमी.”

स्क्रीनवर एक पांढरं चक्र फिरत होतं. दुर्गजवळच्या सुपेल्यातल्या त्या ऑफिसात इंटरनेट मनाला येईल तेव्हा यायचं, आणि हे सॉफ्टवेअर तर सगळं इंटरनेटवरच चालणारं. चक्र थांबलं की पुन्हा पासवर्ड मागायचं. पासवर्ड दिला की मोबाइलवर आकडे पाठवायचं. ते टाकेपर्यंत त्यांची वेळ संपलेली असायची. मग पहिल्यापासून.

वसुंधरा लांजेवार एका लहानशा सोलर कंपनीत ड्रॉइंग काढायची. कारखाने, राइस मिल, शाळा यांच्या छतांवर पॅनेल कसे बसतील, ते ती कॉम्प्युटरवर मांडून द्यायची. छताची मापं आणायचे दौलतराव कापगते. ते शिडी लावून वर चढायचे, टेप धरायचे, टाकी कुठे, चिमणी कुठे ते कागदावर उतरवून आणायचे. कंपनी निघाली तेव्हापासून हे असंच चाललं होतं. वसुंधरा त्यांना काका म्हणायची. तिच्या वडिलांसारखेच तेही भंडाऱ्याकडून इकडे आलेले, आणि मालक हेमराज सोडला तर ऑफिसात तिच्याशी घरच्या बोलीत बोलणारे ते एकटेच. हेमराज तर अर्धं वाक्य हिंदीतच संपवायचा.

आता हेमराजनं तीन सॉफ्टवेअर वापरून बघण्यासाठी घेतली होती. त्यातलं एक निवडून द्यायचं काम वसुंधराकडे होतं. पहिलं तिनं सरळ बाद केलं, कारण त्यातलं दुर्गच्या पलीकडचं चित्र धूसर होतं. दुसरं अर्ध्या कामातून बंद पडायचं. तिसरं चांगलं होतं, आणि हीच तिची अडचण होती. पत्ता टाकला की उपग्रहाच्या चित्रात ते छत समोर यायचं. चार कोपऱ्यांवर टिचक्या मारल्या की मापं तयार. चिमणीची सावली सकाळी कुठे पडेल, संध्याकाळी कुठे, वर्षाकाठी वीज किती मिळेल, सगळं चहा निवायच्या आत. दौलतरावांना ज्या कामाला अख्खा दिवस लागायचा ते काम.

दौलतरावांची मुलगी ममता नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. वसुंधरानं तिसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये खोट शोधायला सुरुवात केली ती हे सगळं लक्षात आलं तेव्हापासून.

तिनं लिहून कळवलं, की चित्र जुनं आहे, तोडलेलं झाड अजून दिसतं. की अहवालाचा कागद आपल्याकडच्या मापाचा नाही. की रंग डोळ्यांना खुपतात. सॉफ्टवेअर कंपनीतला मुलगा प्रत्येक तक्रारीला तितक्याच गोडीनं उत्तर द्यायचा. “मॅडम, आपका सुझाव टीम तक पहुँचा दिया है.” तिला त्याच्या गोडीचाच जास्त राग यायचा. शेवटी तिनं हेमराजलाच लिहून दिलं, ‘मापांवर भरवसा ठेवता येत नाही.’

ते वाचून हेमराज तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

“ठीक है. जामुलच्या शेडचं माप सॉफ्टवेअरनं काढलं ना? काकाले पाठवतो. हातानं माप घेऊ द्या. जुळलं तं घेऊन टाकू, नाई तं बात खतम. मले आता कंटाळा आला, ताई.”

तिलाही तेच हवं होतं. फरक निघणार याची तिला खात्री होती.

दौलतरावांनी निरोप ऐकला आणि गुडघ्यावरून हात फिरवला. “त्या शेडवर? बरं. जातो.”

ती त्यांच्यामागे जिन्यापर्यंत गेली. “काका, नीट घ्या माप. एखाद-दोन फुटाचा फरक निघाला तरी माझं काम होते.”

त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि ते शिडी उचलून खाली उतरले.

दुपारी हेमराजचा फोन वाजला. तो नुसतं “कहाँ? कब?” म्हणाला आणि चावी घेऊन पळाला. शेडच्या पत्र्यांत मधेमधे उजेडासाठी प्लास्टिकचे पत्रे घातलेले असतात. जामुलच्या सिमेंट कारखान्याच्या धुळीनं ते आणि लोखंडाचे पत्रे एकाच रंगाचे झाले होते. दौलतरावांचा पाय प्लास्टिकवर पडला आणि मांडीपर्यंत आत गेला. कमरेचा पट्टा वर दोरीला बांधलेला होता म्हणून ते लोंबकळत राहिले, खालच्या मशीनवर पडले नाहीत. मांडी फाटली, गुडघ्याचं हाड मोडलं. दुर्गच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं.

ते घरी आल्यावर वसुंधरा बोरसीला त्यांच्याकडे गेली. दौलतराव खाटेवर पाय लांब करून बसले होते. त्यांच्या बायकोनं, रुक्माकाकूनं, तिला खुर्ची दिली आणि स्वतः दारात उभी राहिली.

“काय म्हने, कोन खरं हाय ते पाहाले चढवलं यायले?” रुक्माकाकू म्हणाली. “असं कावून, पोरी?”

“तू चहा ठेव,” दौलतराव म्हणाले. ती आत गेली नाही.

“काका, माझ्यामुळंच झालं हे,” वसुंधरा म्हणाली.

“माप घेऊन झालं होतं माझं,” ते जणू दुसऱ्याच विषयावर बोलत होते. “लांबीबी, रुंदीबी. उतरूनच राहिलो होतो. जुळलं ते. इंच-दोन इंचाचा फरक, तो तं टेप सैल पडला तरी येते.”

“मी हेमराजले म्हनलो होतो, घेऊन टाक लवकर. पावसाळा सरला तेव्हापासून म्हनून राहिलो.”

“तुमी म्हनले होते?”

“मंग? हा गुडघा वाकते कुठं आता? शिडीवर अर्ध्यात गेलो का हात थरथरते. हेमराज म्हने, मी तं घेतो काका, ताईच नाई म्हनून राहिली.”

“मी तुमच्यासाठीच नाई म्हनत होती,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला आणि तिलाच त्याची लाज वाटली. “मशीन आली तं तुमाले काढून टाकतीन म्हनून.”

“मले माहीत हाय.” दौलतराव खिडकीकडे बघत होते. “जिन्यात तू फुटाच्या फरकाचं बोलली ना, तवाच समजलं. पन तू मले एकदा विचारलं का? नोकरी गेली असती तं मी पाहिलं असतं. रोज वर चढाले मले भेव लागे, वसुंधरा. घरी सांगू शकत नव्हतो.”

रुक्माकाकूनं नवऱ्याकडे पाहिलं. मग ती चहा ठेवायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी वसुंधरानं हेमराजला सांगितलं, तिसरं घ्या.

“अब बोल रही हो,” हेमराज म्हणाला. मग थोडा नरमला. “ठीक आहे. आजच कळवतो.”

“अजून एक. काका परत आले का छताचं काम तेच करतीन. इथं बसून. कॉम्प्युटरवर.”

“ताई, उनको माऊस पकडना आता है?”

“मी शिकवन.”

“तुमचं काम कोन करन मंग?”

“ते मी पाहीन.”

हेमराजनं हात कपाळाला लावला. “करा. पन लायसन एकच घेईन मी, सांगून ठेवतो. दोन लोकांसाठी दोन घेनं मले परवडत नाई.”

उन्हाळा लागता लागता दौलतराव काठी टेकत ऑफिसात आले. त्यांचं टेबल वसुंधराच्या मागेच लागलं. शिकणं सोपं नव्हतं, शिकवणं त्याहून नव्हतं.

“हा पडद्यावरचा बान कावून पळून राहिला?”

“तुमी माऊस उचलून धरला, काका. खाली ठेवा.”

“खालीच तं हाय.”

“दाबू नका अजून. दाबू नका म्हनलं ना. गेलं, पहा, सगळं पुसलं.”

“मंग आधी सांगाचं ना.”

दोघंही चिडायचे. कधी ती उठून गॅलरीत जाऊन उभी राहायची, कधी ते काठी घेऊन पाणी प्यायला जायचे. तिची स्वतःची कामं मागे पडू लागली आणि हेमराज येता-जाता घड्याळाकडे बघू लागला. पण छत आता दौलतराव एकटेच काढू लागले होते. हळू, एकेका कोपऱ्यावर थांबत.

एके दिवशी वसुंधरा एका शाळेच्या छतावर पॅनेल मांडत होती. ते संध्याकाळच्या आत पाठवायचं होतं. शेवटची ओळ राहिली असताना स्क्रीन एकदम करडी झाली. मधोमध पाटी आली, की हे खाते दुसऱ्या संगणकावर उघडले आहे. एका लायसनवर एका वेळी एकच माणूस.

तिनं मागे वळून पाहिलं. दौलतरावांचा चष्मा नाकाच्या टोकावर आला होता. समोर कुठल्याशा राइस मिलचं छत होतं, आणि ते श्वास रोखून माऊस पहिल्या कोपऱ्याकडे नेत होते. नजर न हलवता त्यांनी विचारलं, “तुझं काई चालू होतं का?”

“नाई,” ती म्हणाली. “काढा तुमी.”

तिनं खुर्ची वळवली, कीबोर्डवरचे हात मांडीवर घेतले, आणि त्यांचं होईपर्यंत तशीच बसून राहिली.